चूलबंद आवतण

फाल्गुन लागला की वारं बदलतं. पहाटे गोधडी सोडवत नाही आणि दुपारी अंगणातली माती पायाला चटके देते. आंब्याचा मोहर गळून केरात जमा होतो, बाया सावलीत बसून हरभऱ्याचे घाटे सोलतात, आणि कुठल्या ना कुठल्या गावाहून वाजंत्री ऐकू यायला लागते. लोकांना हे दिवस फार आवडतात. मला नाही आवडत. वाजंत्रीचा पहिला सूर कानावर आला की मी हातातलं काम टाकून घरात शिरते. नातवंडं लग्नाला आली तरी शिरतेच. लोक मला फटकळ म्हणतात, पण फटकळ माणसाइतकं भित्रं कोणी नसतं, हे मी स्वतःवरून सांगते.

परवा नातीचा फोन आला. "आजी, आम्ही लग्न अगदी लहान करणार आहोत. जवळची माणसं, साधं जेवण, बस." तिला वाटलं, आजी नाक मुरडणार. मी म्हटलं, "कर बाई, झकास कर. पण आवतण कोण सांगणार, ते आधी ठरव." ती म्हणाली, "आजी, त्यात काय? मेसेज टाकायचा." मी हसले आणि फोन ठेवला. चहा पुढ्यात गार झाला, सुनेनं दोनदा हाक मारली, तरी माझं लक्ष आसेगावच्या मळ्यातच.

माझंही लग्न लहानच ठरलं होतं.

आमचा मळा आसेगावच्या बाहेर, नाल्याच्या अलीकडे. पलीकडे चढावर गाव. तेव्हा वाशिमला कोणी जिल्हा म्हणत नव्हतं, कचेरीचं काम निघालं की अकोला गाठावं लागायचं. आम्ही माळी. वांगी, कांदे, मेथी, सांभार म्हणजे तुमची कोथिंबीर, आणि एका कोपऱ्यात घरापुरती हळद. विहिरीवर मोट चालायची, तिच्या चाकाचा कुईकुई आवाज बंद पडला की बाबा झोपेतूनही दचकून उठायचे. वांगी तोडताना काटे बोटांत जायचे आणि बाजाराच्या दिवशी ते सुईनं काढत बसायला मला आवडायचं. त्यात मन गुंतायचं.

माझं पहिलं लग्न झालं तेव्हा मला लुगडं नीट नेसता येत नव्हतं. सासरी नांदायला जाते न जाते, तो पटकीच्या साथीत तो माणूस गेला. मी परत मळ्यात आले. त्याचा चेहरा मला आठवत नाही. हे तेव्हा कोणाला सांगायचीही चोरी होती.

गावानं मला कधी वाईट बोललं नाही, खोटं कशाला सांगू? शिव्या दिल्या असत्या तर मी दोन परत दिल्या असत्या. पण एखादी बाई ओटीचं ताट घेऊन निघायची, समोरून मी यायची, आणि ती काही न बोलता मागे वळायची. घरात जाऊन घोटभर पाणी पिऊन पुन्हा निघायची. रागानं नाही हो. भीतीनं. आपल्या कुंकवाची भीती. मग मीच बांधाबांधानं, पिकाच्या आडून चालायला शिकले. अजूनही रस्त्यात समोरून नवी नवरी आली तर माझा पाय आपोआप बाजूला होतो.

शिरपूरला जैनांच्या मंदिराला यात्रेकरूंची गर्दी असे, तिथे बाबा भाजीची गाडी न्यायचे. तिथल्या शाळेत एक मास्तर होते. बायको पहिल्या बाळंतपणात गेलेली, लेकरूही गेलेलं. बाबांकडून मेथी घेता घेता त्यांनी माझी चौकशी केली. आमच्यात विधवेला पुन्हा घर देत असत, पण त्याला लग्न म्हणत नसत. पाट म्हणत. अंधार पडल्यावर, चार माणसांत, दिवा बारीक करून उरकायचा. सवाष्णींनी तिकडे बघायचंसुद्धा नाही, हळद लावायची तर गोष्टच सोडा.

मास्तर बाबांना म्हणाले, "दादा, अंधारात नाई. मी काही चोरी करून नाई राह्यलो. माणसं थोडी बलवा, जेवण साधं ठेवा, पण दिवसा लावू. मांडवात, हळद लावून."

बाबांनी होकार दिला आणि घरी येऊन आजारी माणसासारखे भिंतीला टेकून बसले. माय म्हणाली, "काय झालं?" तर म्हणे, "चांगलं झालं."

मग तयारी. लहान लग्नाची तयारी मोठ्या लग्नाहून जास्त जीव खाते, कारण त्यात सांडायला काही नसतं. मांडवाला बांबू आमच्याच बांधावरचे, वर जांभळीच्या फांद्या. वांगी घरची, तूर घरची, गूळ मास्तरांकडून. गहू निवडायला माय आणि काकू. मंगरूळच्या बाजारातून हिरवं लुगडं आलं, काठ अगदी बोटभर. मायनं ते उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाली, "रंग पक्का हाय." तेवढंच कौतुक. पत्रावळी मीच लावत होते. पळसाची पानं काड्यांनी टाचायची, एकावर एक रचायची, वर दगड ठेवायचा. नवरी आपल्याच लग्नाच्या पत्रावळी लावते म्हणून काकू चिडवायची, "कमी लाव वो, सारं गाव जेवाले बलवतं का?" मी हसायची, पण एकेक पान टाचताना मनात यायचं, ह्याच्यावर कोणी जेवेल का?

सगळा हिशेब एका शब्दावर उभा होता. घरटी एक. आमच्याकडे आवतण दोन तऱ्हेचं. घरटी एक म्हटलं की प्रत्येक घरातून एकच माणूस जेवायला येणार, बहुतेक करून बाप्या-गडी. आणि चूलबंद म्हटलं की त्या घरात त्या दिवशी चूल पेटवायची नाही. म्हातारी, लेकरं, सुना, पाहुणे, सगळे जेवायला. चूलबंद आवतणाला न जाणं म्हणजे त्या घराशी संबंध तोडणं. आमच्या ऐपतीत घरटी एकच बसत होतं. हळदीचा विषय निघाला की बाबा आणि माय, काकू आहे, मायची बहीण येईल, मग कोणी तरी येईलच, असं एकमेकांच्या पाठीकडे बघून म्हणायचे.

आवतण सांगायचा मान गावच्या न्हाव्याचा. नथू न्हावी बाबांच्याच वयाचा, बोलका, पागोटं सदा कपाळावर आलेलं. सकाळीच अक्षता घेऊन गेला आणि दुपारी मोटेपाशी येऊन उभा राहिला. तोंडभर हसत होता.

"सांगतलं दादा. साऱ्या गावाले चूलबंद सांगतलं."

बाबांनी बैल थांबवले. भरलेली मोट अर्ध्यावर लोंबकळत राहिली आणि तिच्यातलं पाणी धबाधबा परत विहिरीत पडू लागलं.

"नथू, तुले घरटी एक सांग म्हनलं होतं न मी!"

"म्हनलं होतं. पाटलाच्या ओट्यावर गेलो, तोंड उघडलं, आन् शब्द निंघेच ना. दादा, घरटी एक आपल्या गावात मी कवा सांगतो? तेरवीले सांगतो. या पोरीच्या पयल्या नवऱ्याची एकडाव तेरवी झाली. आता तिच्या लगनाले तेच शब्द घेऊन दारोदार फिरू काय? मले भेव वाटलं. मंग जिभेवर जे आलं ते सांगतलं."

बाबांना रागवायचं होतं, मला दिसत होतं. पण त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुले भेव वाटलं," ते म्हणाले, "आन् आता माह्या भेवाचं काय करू?"

दिलेलं आवतण परत घेता येत नाही. थुंकलेलं चाटण्यासारखं ते. माय दारात उभी राहून ऐकत होती. ती बोलली ते मला आजही तसंच्या तसं ऐकू येतं. "आले तं पुरनार नाई. आन् नाई आले तं पोरीले हळद कोन लावीन?"

कशाची भीती धरावी, तेच मला कळेना. सगळं गाव आलं तर पंगत अर्धी उठेल, बापाची मान खाली जाईल, मास्तरांची माणसं बघतील. आणि कोणी नाही आलं, तर मग झालंच. घरटी एक असतं तर बायकांचा प्रश्नच नव्हता, बायका आल्या नाहीत हे कोणाच्या लक्षातही आलं नसतं. नथूनं चूलबंद सांगितलं आणि प्रत्येक सवाष्णीला दारात जाऊन विचारल्यासारखं केलं, येतेस की नाही? आता त्याचं उत्तर गावाला द्यावं लागणार होतं आणि आम्हाला बघावं लागणार होतं.

नात नंतर पुन्हा फोनवर म्हणत होती, कोण येणार, कोण नाही, सगळं आधी कळतं आता. नावापुढे खूण करतात म्हणे. मी म्हटलं, आम्हालाही कळायचं. धुरावरून.

लग्नाच्या सकाळी मी उठून आधी गावाकडे बघितलं. रोज त्या वेळी चढावरच्या घराघरातून धूर निघायचा आणि सगळा मिळून नाल्यावर उतरायचा. त्या दिवशी धूर नव्हता. गाव कसं धुऊन काढल्यासारखं स्वच्छ दिसत होतं. बाबांनीही बघितलं. टोपली घेतली आणि वाफ्यात शिरून दिसेल ते वांगं तोडायला लागले, बोटाएवढी कोवळीसुद्धा. मायनं वरणात पाणी ओतलं. काकू म्हणाली, "अवो, वरन हाय का नाला?" मायनं आणखी एक तांब्या ओतला.

मग पाटलाच्या घरावर धूर दिसला. थोड्या वेळानं त्याच्या शेजारच्या घरावर. मग वरच्या आळीत. मी मांडवाच्या खांबाला धरून उभी. एकेक धूर वर चढायचा आणि मी तो बोटांवर मोजायची. धूर दिसला की वाटायचं, गेलं, हे नाही येत. नाही दिसला की वाटायचं, देवा, एवढे सगळे आले तर? मी देवापाशी काय मागत होते, ते देवालाही कळलं नसेल. अजूनही मला कुणाच्या घरी जेवायला बोलावलं, की मी आधी विचारते, किती जणांचं केलंय? लोकांना वाटतं, म्हातारी खायला लाजते.

शिरपूरच्या दोन गाड्या आल्या. मास्तर उतरले, पांढरा सदरा, हातात टोपी. आणि मग बांधावरून बायका येताना दिसल्या. पाटलाच्या घरची कोणी नव्हती, वरच्या आळीतल्याही बऱ्याच नव्हत्या. पण बाकीच्या आल्या, लेकरं काखेत, हातात आपापला तांब्या. एकामागे एक, चांगली लांब रांग. मला हायसं वाटायला हवं होतं ना? त्या मांडवापर्यंत आल्या आणि मांडवाच्या बाहेर थांबल्या.

मी पाटावर बसलेली. पुढ्यात पितळी वाटीत कालवलेली हळद. मायनं काकूकडे बघितलं, काकूनं मावशीकडे. गावच्या बायका दारात आल्यावर घरच्यांनी लावून भागणार नव्हतं, पहिली हळद गावच्या सवाष्णीची, अशी रीत. बायका उभ्याच. कोणी लेकराचं नाक पुसत होती, कोणी पदर सारखा करत होती. ऊन चढत होतं आणि वाटीतली हळद कडेनं वाळत चालली होती. मला वाटलं, ह्या माझ्यावर चिडल्या आहेत. धीर करून एकदा वर बघितलं, तर एकीच्याही डोळ्यांत राग नव्हता. सगळ्या घाबरलेल्या. आल्या होत्या आवतणाच्या लाजेनं, आणि पुढे पाऊल टाकायला जीव धजत नव्हता. मी त्यांना भीत होते आणि त्या मला. त्यांना काय दोष देऊ? त्यांच्या जागी मी असते तर घरूनच निघाले नसते.

तेवढ्यात एक लेकरू भुकेनं भोकाड पसरून रडायला लागलं. तो कोंडाबाईचा नातू. कोंडाबाई आमच्या शेजारच्या मळ्यातली, तिचं तोंड साऱ्या गावाला ठाऊक. नवरा तापट, हातही उचलायचा, आणि वर्षभर खोकायचा. तिनं नातवाला एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतलं आणि बायकांवर कडाडली.

"अवो, किती वेळ खांबावानी उभ्या राह्यता? चुली इजवून आलो न आपन! हळदीबिगर लगन नाई, लगनाबिगर पंगत नाई. लेकरं काय माती खातीन? सरका तिकडं!"

आली, खाली बसली आणि पाचही बोटं वाटीत घालून हळद माझ्या गालांना अशी थापली, जशी काही भिंत सारवते आहे.

"काहून कापतं वो? मी काय तुले मारून राह्यली?"

मग दुसरी आली. मग तिसरी. काही जणी शेवटपर्यंत आल्या नाहीत, पण जेवायला बसल्या. लग्न लागलं, भर दुपारी, स्वच्छ उन्हात. पंगती उठल्या. भात मधेच संपला, वरण खरंच नाल्यासारखं झालं होतं, वांग्याच्या भाजीला मात्र कोणी नावं ठेवली नाहीत. शेवटच्या पंगतीला बाबा, नथू आणि मास्तर बसले. त्यांच्या वाट्याला भाकर, कच्चा कांदा आणि तव्यावरचा ठेचा आला. मास्तर नथूला म्हणाले, "नथूभाऊ, आवतन जोरदार सांगतलं बरं तुमी." नथू लाजला. बाबा त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

हे सगळं सांगितलं की ऐकणारे म्हणतात, वा, किती छान झालं. झालं खरं. पण मी सुखात होते का, असं विचाराल तर नाही. मी भीतीच घेऊन शिरपूरला गेले. मास्तर शिंकले की माझा हात थांबायचा. शाळा सुटून पोरं रस्त्यानं आली आणि हे मागे रेंगाळले, की मी दार आणि चूल, चूल आणि दार करायची. ते चिडवायचे, "मी आहे बापा, जित्ता आहे." मी म्हणायची, तसं बोलू नये.

पाऊस सरला आणि आश्विनात बाबा भाजीची गाडी घेऊन आले. ओट्यावर बसलेच नाहीत. उभ्या उभ्या म्हणाले, "कोंडाबाईचा बुढा गेला." मग गाडीची दोरी सोडत, बांधत राहिले. "लोकं काय, बोलनारे बोलतात."

काय बोलतात, ते मी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती.

दिवाळीला मी माहेरी गेले नाही. अंगात कणकण आहे म्हटलं. संक्रांतीला गेले नाही, तेव्हा काय म्हटलं ते आता आठवत नाही. फाल्गुनात मायचा निरोप आला, तू येतं का मी येऊ तिकडं? मग गेले. वाजंत्री वाजतच होत्या चहूकडे. मळ्यात वांग्याची झाडं तशीच, मोट तशीच कुईकुई करत होती, पण मी दिवसभर घराबाहेर पडले नाही. निघायच्या दिवशी बांधावरून कोंडाबाई येताना दिसली. कपाळ मोकळं. मी कणगीच्या मागे जाऊन उभी राहिले.

"निंग बाहीर," ती दारातूनच म्हणाली. "पायलं मी तुले."

मी बाहेर आले. ती उंबऱ्याबाहेर बसली, आत आली नाही. पूर्वी सरळ चुलीपाशी येऊन बसायची.

"लोकं म्हनतात, तुह्या हळदीनं माहा बुढा गेला."

मायनं हातातलं सूप खाली ठेवलं.

"मी म्हनलं," कोंडाबाई सांगू लागली, "अवो, हळदीत येवढा दम असता, तं मी कवाचीच एखादीले लावून मोकळी झाली असती!"

माय पदर तोंडाला लावून हसायला लागली, तिला आवरेना. कोंडाबाईही हसली, आणि हसता हसता तिचा आवाज फुटला. डोळे पुसत म्हणाली, "लय मारे मले. पन सांजच्याले त्याचा खोकला आयकू येत नाई, तं घर खाले उठते." मग दोघी त्याच्या खोकल्याबद्दल, औषधाबद्दल, शेवटच्या दिवसांबद्दल बोलत राहिल्या आणि मी खाली मान घालून ऐकत राहिले.

मी निघायच्या वेळी मायनं करंडा आणला. माहेरवाशिणीला हळदकुंकू लावल्याशिवाय पाठवत नाहीत. मला लावून ती करंडा मिटणार, तोच कोंडाबाई म्हणाली, "थांब. मले लाव."

मायला वाटलं, आपल्यालाच म्हणते. पण ती माझ्याकडे बघत होती.

"कुकू नको. हळद लाव नुसती. मी लावली होती न तुले?"

मी करंडा हातात घेतला. हळदीकडे बघितलं आणि मला मास्तर दिसले, टोपी हातात घेऊन भर उन्हात शाळेच्या रस्त्यानं येताना. माझा हात पुढे होईना.

"काहून? भेतं?"

"हो," मी म्हणाले.

"मीबी भेली होती," कोंडाबाई म्हणाली. "लेकराच्या भुकेचं नाव केलं. तुले सांगतलं नाई."

शिरपूरला आता मास्तर पोरांना पाढे म्हणायला लावत असतील, असं मनात आलं. मी उंबरा ओलांडून तिच्यापुढे बसले आणि तिच्या दोन्ही गालांना हळद लावली.